विश्लेषण : पोलीस दारात आले, तर? झडती, जप्ती आणि अटकेला कायद्याच्या मर्यादा कोणत्या?

‘जरा चौकशीला चला’ एवढे सांगून पोलीस घरातील कर्त्या मुलाला घेऊन जातात. कोणत्या गुन्ह्यात, कोणत्या ठाण्यात आणि किती वेळासाठी, हे घरच्यांना कळत नाही. कधी कपाट उघडायला लावले जाते, मोबाइल काढून घेतला जातो आणि मागे कसलाही कागद राहत नाही. पोलिसांना कोण विचारणार, असे म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. प्रत्यक्षात कायद्याने पोलिसांना झडतीचे, जप्तीचे आणि अटकेचे मोठे अधिकार दिले असले, तरी त्यातील जवळजवळ प्रत्येक अधिकाराला एक लेखी कागद किंवा एक वेळमर्यादा जोडलेली आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात यातील बऱ्याच मर्यादा कायम आहेत, काही नव्याने आल्या आहेत. त्या नेमक्या कोणत्या, याचा हा आढावा.

सातारा-सांगलीत हा विषय महत्त्वाचा का?

दोन वर्षांच्या आत या दोन जिल्ह्यांशी संबंधित तीन प्रकरणे राज्यभर गाजली. ऑगस्ट २०१६ मध्ये वाईजवळच्या धोम येथे एका फार्महाऊसच्या आवारात खोदकाम करून, बेपत्ता झालेल्या व्यक्तींच्या मृतदेहांचे अवशेष बाहेर काढण्यात आले. वर्षानुवर्षे न उलगडलेली हत्याकांडे त्यातून समोर आली. पोलिसांना झडतीचे आणि शोधाचे अधिकार का हवेत, हे वाईकरांना वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीच्या स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेने मिरजेत एका घरावर छापा टाकला. तेथे सुमारे तीन कोटी रुपयांची रोकड सापडली आणि तपास कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरच्या शिक्षक कॉलनीपर्यंत गेला. पुढे २०१७ मध्ये त्याच तपास पथकातील अधिकारी आणि कर्मचाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. वारणानगरात सापडलेल्या रकमेपैकी ९ कोटी १८ लाख रुपये कागदोपत्री न दाखवता परस्पर लांबवले, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांनी लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेल्या एका तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. तो पळून गेल्याचे आधी सांगण्यात आले. मात्र मारहाणीत त्याचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळण्यात आला, असा आरोप पुढे आला. एका पोलीस उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली आणि तपास सीआयडीकडे गेला.

आरोपांचा निवाडा न्यायालयाच्या हाती. पण एका प्रकरणात प्रश्न उभा राहिला तो जप्तीच्या नोंदीचा आणि दुसऱ्यात ताब्यातील माणूस कुठे आहे, याचा. पंचनामा, अटकेचा कागद, नातेवाइकांना खबर आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजेरी या तरतुदी याच दोन प्रश्नांसाठी आहेत.

वॉरंटशिवाय घराची झडती घेता येते का?

येते, पण काही अटींवर. सर्वसाधारण मार्ग न्यायालयाकडून झडतीचे वॉरंट घेण्याचा आहे. तपास सुरू असताना वॉरंट आणण्यात विनाकारण विलंब होईल आणि हवी असलेली वस्तू हातची जाईल, असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर कलम १८५ नुसार पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. त्यासाठी कोणत्या कारणाने आणि शक्य तितके नेमकेपणाने कोणती वस्तू शोधायची आहे, हे आधी केस डायरीत लिहावे लागते. तो स्वतः जाऊ शकत नसेल, तर हाताखालच्या अधिकाऱ्याला लेखी अधिकार द्यावा लागतो.

या नोंदींच्या प्रती जास्तीत जास्त ४८ तासांत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवणे बंधनकारक आहे. ही मुदत नव्या संहितेत स्पष्टपणे घालून दिली आहे. ज्याच्या घराची झडती झाली, त्याने अर्ज केल्यास न्यायदंडाधिकारी त्याला ही प्रत विनामूल्य देतात. हा हक्क फारच कमी लोक वापरतात.

पुण्याच्या किंवा मुंबईच्या ठाण्याचे पथक वाईत झडतीसाठी आले, तर? सामान्यतः त्यांनी वाई पोलिसांमार्फत झडती घ्यायची असते. थांबल्यास पुरावा नष्ट होईल अशी स्थिती असेल तर ते थेट झडती घेऊ शकतात. मात्र स्थानिक ठाण्याला तसे कळवावे लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यालाही नोंदींच्या प्रती पाठवाव्या लागतात.

आरोपीला पकडण्यासाठी घरात शिरणे ही गोष्ट वेगळी. तो आत आहे असे मानण्यास कारण असेल, तर घरमालकाने आत येऊ देणे बंधनकारक आहे. नकार दिल्यास पोलीस दार तोडूनही जाऊ शकतात. रात्री झडती घेताच येत नाही, हा समजही चुकीचा आहे. सर्वसाधारण कायद्यात अशी सरसकट बंदी नाही. काही विशेष कायद्यांत, उदाहरणार्थ अमली पदार्थविरोधी कायद्यात, रात्रीच्या झडतीसाठी वेगळ्या अटी आहेत.

पंच कशासाठी? पंचनाम्यात काय पाहावे?

कलम १०३ नुसार झडतीपूर्वी त्या परिसरातील किमान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावे लागते. तेथे कोणी उपलब्ध नसेल किंवा तयार नसेल, तरच बाहेरचे पंच आणता येतात. झडती पंचांसमक्ष होते. काय सापडले आणि ते कुठे सापडले, याची यादी करून त्यावर पंचांच्या सह्या घेतल्या जातात. घरात राहणाऱ्या व्यक्तीला किंवा तिच्या वतीने कोणाला झडतीच्या वेळी हजर राहण्याचा अधिकार आहे. सह्या झालेल्या यादीची प्रत त्या व्यक्तीला देणे बंधनकारक आहे.

म्हणजे सिद्धनाथवाडीतील घरात झडती होत असेल, तर गल्लीतील शेजारी पंच असायला हवेत. पोलिसांच्या गाडीतूनच उतरलेले, प्रत्येक छाप्यात दिसणारे ‘कायमचे पंच’ न्यायालयात उलटतपासणीत अडचणीत येतात आणि खटलाही त्यांच्याबरोबर अडचणीत येतो.

पंच म्हणून बोलावले गेल्यास काय करावे, हाही अनेकांपुढचा प्रश्न असतो. लेखी आदेश मिळूनही वाजवी कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे. मात्र पंचाने पाहिलेल्या गोष्टीवरच सही करायची असते. कोरा कागद, वेळ न लिहिलेला पंचनामा, ‘रोख रक्कम’ एवढाच मोघम उल्लेख यावर सही करू नये. नोटा किती आणि कोणत्या मूल्याच्या, दागिने किती आणि अंदाजे वजन किती, मोबाइलचा आयएमईआय क्रमांक कोणता, सुरुवात आणि शेवट किती वाजता, पाकिटाला सील लावले का, एवढे तपशील पंचनाम्यात असावेत. ज्या रकमेची नोंद आहे, ती नंतर सहज कमी होत नाही. नोंदच नसेल, तर किती सापडले होते हे सिद्ध करणे फार कठीण जाते.

झडतीचे चित्रीकरण बंधनकारक आहे का?

होय. नव्या संहितेतील हा सर्वांत मोठा बदल म्हणता येईल. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीची संपूर्ण प्रक्रिया, यादी तयार करून पंचांच्या सह्या घेण्यापर्यंत, दृकश्राव्य साधनाने चित्रित करावी लागते. कायद्यात त्यासाठी मोबाइल फोनचाच प्राधान्याने उल्लेख आहे. हे चित्रीकरण विलंब न लावता जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्याकडे पाठवायचे असते. पोलिसांसाठी ‘ई-साक्ष्य’ हे ॲप यासाठीच तयार करण्यात आले आहे.

त्यामुळे झडतीला आलेल्या अधिकाऱ्याला नागरिक शांतपणे विचारू शकतो : चित्रीकरण सुरू झाले का? धक्काबुक्की, वाट अडवणे किंवा पुरावा लपवणे मात्र टाळावे. त्यातून सरकारी कामात अडथळ्याचा वेगळा गुन्हा अंगावर येऊ शकतो. पोलीस ठाण्यातील संभाषण नागरिकाने मोबाइलवर चित्रित केल्यास तो शासकीय गुपिते कायद्याखालील गुन्हा ठरतो का, हा प्रश्न वर्ध्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला होता. पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असा निर्वाळा खंडपीठाने २०२२ मध्ये दिला.

पोलीस कशाकशाची जप्ती करू शकतात?

चोरीची असल्याचा संशय असलेली किंवा गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय निर्माण होईल अशा स्थितीत सापडलेली मालमत्ता कलम १०६ नुसार जप्त करता येते. त्याचा अहवाल तातडीने न्यायदंडाधिकाऱ्याला द्यावा लागतो. या कलमाचा आवाका महाराष्ट्रातील दोन निकालांनी ठरवला आहे. बँक खाते ही जप्त करण्याजोगी मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध तापस निओगी या प्रकरणात सांगितले. घर, जमीन, दुकानाचा गाळा अशी स्थावर मालमत्ता मात्र पोलिसांना या कलमाखाली जप्त करता येत नाही, असे २०१९ मध्ये नेवाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे गाळ्याच्या वादात पोलिसांनी परस्पर कुलूप लावणे या कलमात बसत नाही.

सध्या लहान व्यापाऱ्यांना सर्वाधिक त्रास होतो तो खाते गोठवण्याचा. ग्राहकाने यूपीआयवरून दिलेले पैसे कुठल्या तरी सायबर फसवणुकीतून आलेले असतात आणि दूरच्या राज्यातील पोलिसांच्या पत्रावरून येथील दुकानदाराचे खाते बंद होते. अशा वेळी बँकेकडून आदेश देणाऱ्या ठाण्याचे नाव, तक्रार क्रमांक आणि वादग्रस्त रक्कम लेखी घ्यावी, विक्रीची बिले तपास अधिकाऱ्याला पाठवावीत आणि तरीही खाते खुले न झाल्यास संबंधित न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. वादाची रक्कम तेवढी राखून बाकी खाते खुले करण्याची मागणी त्यात करता येते.

जप्त वाहने ठाण्याच्या आवारात गंजत पडू देऊ नयेत, छायाचित्रे आणि हमीपत्र घेऊन ती लवकर परत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितले आहे. आता कलम ४९७ मध्ये त्यासाठी मुदती आल्या आहेत. न्यायालयापुढे आलेल्या मुद्देमालाचे वर्णन १४ दिवसांत तयार करायचे आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा किंवा परतीचा आदेश द्यायचा.

मोबाइल घेतला, तर पासवर्ड द्यावाच लागतो का?

तपासाशी संबंध असल्यास पोलीस मोबाइल जप्त करू शकतात. कलम ९४ नुसार इलेक्ट्रॉनिक साधन हजर करण्याचा लेखी आदेशही देता येतो. पण कोणत्याही गुन्ह्याच्या संशयाशिवाय नाकाबंदीत किंवा बसस्थानकावर कोणाचाही फोन घेऊन त्यातील फोटो आणि चॅट चाळण्याचा सर्वसाधारण अधिकार कायद्यात नाही.

पासवर्डचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने यांना हे संरक्षण लागू होत नाही, असे म्हटले. मनात साठवलेला पासवर्ड हा ठशासारखा मानायचा की साक्षीसारखा, यावर न्यायालयांतून वेगवेगळी मते आली आहेत. म्हणून असा प्रसंग आल्यास वकिलाशी बोलू द्या, अशी मागणी करणे हा सुरक्षित मार्ग. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा अधिकार कलम ३८ ने अटकेतील व्यक्तीला दिला आहे. मात्र संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही.

‘चौकशीला बोलावणे’ आणि ‘अटक’ यात फरक काय?

साक्षीदार म्हणून बोलावायचे असल्यास कलम १७९ नुसार लेखी आदेश हवा. १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष, महिला, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब ते राहतात तेथेच घ्यायचा असतो. स्वखुशीने ते ठाण्यात जाऊ शकतात. हा नियम जाणूनबुजून मोडणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे.

संशयित म्हणून बोलावायचे आणि लगेच अटक गरजेची नसेल, तर कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, अटक का आवश्यक होती याची कारणे लिहायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात बजावले. नोटीस पाळून हजर होणाऱ्याला कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि व्यक्ती आजारी, दुर्बल किंवा ६० वर्षांवरील असेल, तर अटकेपूर्वी किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. न्यायालयाचे समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकते, ती गोष्ट वेगळी. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार तर कोणत्याच कायद्यात नाही. व्हिडीओ कॉलवर गणवेशातील माणूस दिसला, त्याने घराबाहेर पडू नका आणि पैसे ‘पडताळणीसाठी’ पाठवा असे सांगितले, तर ती फसवणूकच आहे. फोन ठेवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

अटक करताना पोलिसांवर कोणती बंधने आहेत?

पोलीस कोठडीतील अत्याचारांबाबत डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिलेले बरेच नियम आता कायद्याचाच भाग आहेत. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची पट्टी असावी. अटकेचा मेमो जागेवर तयार करून त्यावर घरातील सदस्याची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी आणि अटक झालेल्यानेही सही करावी. नातेवाईक किंवा मित्राला अटकेची आणि कोठे ठेवले आहे याची खबर द्यावी. अंगझडतीत काढून घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी करावी. तिच्या अहवालाची प्रत मागता येते आणि अंगावर आधीचे किंवा नंतरचे वळ असल्यास ते दाखवून नोंदवून घ्यावेत.

अटकेची कारणे लेखी देण्याबाबतचा ताजा आणि महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच आला. जुलै २०२४ मधील वरळी अपघात प्रकरणातून गेलेल्या मिहीर शहा विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सांगितले, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायला हवीत. ऐनवेळी शक्य नसल्यास तोंडी सांगावीत, पण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे रिमांडसाठी नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी प्रत हातात पडली पाहिजे. तसे न झाल्यास अटक आणि रिमांड बेकायदा ठरते. मराठी तेवढीच समजणाऱ्या शेतमजुराला इंग्रजी कागद देऊन भागणार नाही, असा याचा सरळ अर्थ.

महिलांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक स्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. महिलेची अंगझडती महिलेनेच, सभ्यता राखून घ्यायची असते.

२४ तास कधीपासून मोजायचे?

अनुच्छेद २२(२) आणि संहितेचे कलम ५८ यांनुसार अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावेच लागते. रविवार किंवा सणाची सुट्टी ही सबब चालत नाही. सुट्टीच्या दिवशीही न्यायदंडाधिकारी उपलब्ध असतात. आता ते अधिकारक्षेत्रातील असोत वा नसोत, त्यांच्यापुढे हजर करता येते, असेही कलमात स्पष्ट केले आहे.

गफलत होते ती मोजणीच्या सुरुवातीला. सकाळी नऊला उचलले, दिवसभर ठाण्यात बसवले आणि कागदावर अटक रात्री अकराची दाखवली, असे आरोप नेहमी होतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच अशक हुसेन देथा प्रकरणात स्पष्ट केले, की अधिकाऱ्याने कागदावर अटक दाखवल्यापासून नव्हे, तर व्यक्तीच्या हालचालीवर प्रत्यक्ष बंधन आल्यापासून अटक सुरू होते. म्हणूनच घरच्यांनी नेल्याची वेळ लिहून ठेवावी, ११२ वर फोन करून विचारणा करावी किंवा ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना ई-मेल पाठवावा. त्या फोनची, ई-मेलची वेळ हाच पुढे पुरावा होतो. दारावरचा सीसीटीव्ही असेल, तर त्याचे चित्रीकरण लगेच जपून ठेवावे. पोलीस ठाण्यांत आवाजासह सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात दिला आहे. ते चित्रीकरण राखून ठेवण्याची मागणीही लेखी करावी.

न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केल्यावर ‘मारहाण झाली का’ या प्रश्नाला दिलेले उत्तर महत्त्वाचे असते. त्या क्षणी भीतीने ‘नाही’ म्हटलेले नंतर खोडून काढणे अवघड जाते.

मोर्चा, सण, निवडणूक यांच्या तोंडावर होणारी प्रतिबंधात्मक अटक कलम १७० खाली येते. तिची मर्यादाही, अन्य कायद्याची तरतूद लागू नसेल तर, २४ तासांचीच आहे. ‘एमपीडीए’सारख्या कायद्याखालील स्थानबद्धता हा वेगळा विषय. ती जास्तीत जास्त एक वर्षाची असू शकते. त्यातही स्थानबद्धतेची कारणे पाच दिवसांत कळवावी लागतात आणि प्रकरण सल्लागार मंडळापुढे न्यावे लागते.

नियम मोडले, तर पुरावा बाद होतो का?

आपोआप नाही, आणि याबाबत लोकांमध्ये बराच गैरसमज आहे. झडती नियमबाह्य असली तरी तेवढ्याने जप्ती आणि मिळालेला पुरावा निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासन विरुद्ध नटवरलाल सोनी या प्रकरणात १९७९ मध्ये म्हटले. न्यायालय असा पुरावा अधिक काळजीने तपासते, एवढेच. अमली पदार्थांच्या प्रकरणात अंगझडती घ्यायची असेल, तर राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे झडतीचा हक्क आहे, हे सांगणे सक्तीचे आहे. तो नियम मोडल्यास मात्र त्या झडतीवर आधारलेली शिक्षा टिकत नाही.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्याने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू किंवा मृतदेह सापडला, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा ग्राह्य धरला जातो. त्यामुळे अशा शोधाचा पंचनामा चोख असणे तपास यंत्रणेच्याही हिताचे असते. गंभीर गुन्ह्यातील खरा आरोपी ढिसाळ पंचनाम्यामुळे सुटला, तर नुकसान पीडित कुटुंबाचेच होते.

वाईतील नागरिकाने दाद कोठे मागायची?

पहिली पायरी ठाण्याचे प्रभारी अधिकारी, नंतर वाईचे उपविभागीय पोलीस अधिकारी आणि साताऱ्याचे पोलीस अधीक्षक. तक्रार लेखी द्यावी आणि पोहोच घ्यावी. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा नियुक्त अधिकारी असणे आता कलम ३७ नुसार बंधनकारक आहे. ही माहिती ठाण्यात ठळकपणे लावायची असते. दखल घेतली गेली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग हे मार्ग आहेत.

माणूस कुठे ठेवला आहे हेच कळत नसेल, तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस याचिका करता येते. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे कोल्हापूरसह त्याच्या कक्षेत येतात.

वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समिती किंवा साताऱ्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. फोन करताना किंवा अर्ज देताना चार गोष्टी हाताशी असाव्यात : नेल्याची किंवा झडतीची वेळ, अधिकाऱ्याचे नाव, ठाण्याचे नाव आणि मिळालेल्या कागदाची प्रत. कागद मिळालाच नसेल, तर तक्रारीतील पहिले वाक्य तेच असावे.